विचारायचे असेल तर अग्रशाळेत या, रापणीवर या



१६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकाच्या जनतेला एक प्रश्न विचारला गेला. मतपत्रिकेवर दोन चित्रे होती. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे केंद्रशासित प्रदेश. आपले फूल ३४,०२१ मतांनी हरले. त्या निकालाचे शल्य या साप्ताहिकाच्या वाचकाला नव्याने सांगायला नको, आणि आजचा विषयही तो नाही. आज सांगायचे ते एवढेच की प्रश्न विचारण्याची ती रीत मात्र चोख होती. ज्याने जन्मात पाटी हातात धरली नव्हती अशा कुळालाही प्रश्न कळला. जी म्हातारी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला जात होती तिलाही शिक्का कुठे मारायचा ते कळले. आणि दोघांचे उत्तर मोजले गेले.

आता देशात दुसरा एक प्रश्न चालला आहे. आपल्या मुलांना हाताचे काम कसे शिकवावे, हा तो प्रश्न. आयटीआय, शाळेतले व्यवसाय विषय, अकरावी-बारावीचे व्होकेशनल वर्ग, कारखान्यातली शिकाऊ उमेदवारी, सगळ्याचीच फेररचना करायचा घाट सरकारने घातला आहे. फेररचना हवीच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बाराव्या पंचवार्षिक योजनेतला अंदाज स्वतःच दिला आहे. १९ ते २४ वयाच्या काम करणाऱ्या तरुणांपैकी रीतसर धंदेशिक्षण मिळालेले आपल्याकडे पाच टक्क्यांहूनही कमी. अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५, दक्षिण कोरियात ९६ टक्के. आकडे लाजिरवाणे आहेत यात शंका नाही.

पण हा प्रश्न कोणाला विचारला, आणि कसा? या धोरणाचा मसुदा ३१ मे २०१९ रोजी बाहेर आला. जनतेने सूचना पाठवाव्यात असे जाहीर झाले. मसुदा ४८४ पानांचा, आणि सुरुवातीला इंग्रजी व हिंदी या दोनच भाषांत. मुदत ३० जूनपर्यंत, ती पुढे ३१ जुलैपर्यंत वाढवली. म्हणजे जून आणि जुलै! मिरग बरसलेला, सरद शेतीची लावणी अंगावर आलेली. शेतकरी चिखलात होता, त्याला सवड नव्हती हे समजू शकते. पण १ जून ते ३१ जुलै हीच आपल्या किनाऱ्यावरच्या मासेमारी बंदीची मुदत. ट्रॉलर धक्क्याला बांधलेले, खलाशी घरी, खारवी पडवीत जाळी दुरुस्त करीत बसलेला. दोन महिने तो सापडण्यासारखा होता. त्याच्या पडवीत कोणी जाऊन बसले काय? दोन लाखांहून अधिक सूचना आल्या असे सरकारने सांगितले. त्यांतल्या खारवीवाड्यावरून किती गेल्या असतील, त्याचा हिशेब वाचकानेच करावा.

पुढे मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ६०,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. एक हजार सरकारी आयटीआय सुधारायच्या, त्यांचा कारभार उद्योगांच्या पुढाकाराने चालवायचा. त्याच साली ऑक्टोबरात 'पीएम सेतू' या नावाने तिचा प्रारंभ झाला. पैसा मोठा आहे. उद्योगाला काय हवे ते विचारले जाते, राज्य सरकारांना विचारले जाते. ज्याचा मुलगा तिथे दोन वर्षे बसणार, त्या बापाची खुर्ची मात्र सभागृहात कुठे मांडलेली दिसत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे. धंदेशिक्षण सुधारायचे तर ज्यांची मुले ते घेणार त्यांना, त्यांच्या भाषेत आणि ते जिथे असतात तिथे जाऊन विचारले पाहिजे. तसे न करता केलेली सुधारणा म्हणजे गरिबाच्या मुलासाठी उघडलेले आणखी एक मागचे दार. असे मागचे दार आपण यापूर्वी एकदा नव्हे, दोनदा पाहिले आहे. ते समजण्यासाठी घाट चढून थोडे पलीकडे, हुबळी-धारवाडला जाऊन येऊ.

हुबळीचा हातोडा, धारवाडची लेखणी

हुबळी-धारवाड म्हटले की आपल्या शेतकऱ्याला आधी म्हादई आठवते, आणि त्याच्या कपाळाला आठी पडते. ते साहजिकच आहे. पण त्या गावांशी आपला दुसराही संबंध आहे. वास्को ते कुळे हा आपला लोहमार्ग रेल्वेच्या हुबळी विभागात मोडतो. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे तिथल्या शिक्षणखात्याचा इतिहास आणि महाराष्ट्राच्या शिक्षणखात्याचा इतिहास एकच. मराठी कथाकार जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवीत आणि घरी मराठी कथा लिहीत. कन्नडचे थोर कवी द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. असा हा मुलूख आपल्याला परका नाही.

ही जुळी शहरे एकमेकांपासून वीसेक किलोमीटरवर. धारवाड विद्येचे गाव, हुबळी व्यापाराचे आणि कारखान्यांचे. धारवाडला लेखणी, हुबळीला हातोडा. एकोणिसाव्या शतकात सदर्न मराठा रेल्वे आली तेव्हा तिने कचेरी धारवाडला थाटली आणि कारखाना हुबळीला घातला. पुढे कंपनीची कचेरी हलली. १९१७ साली कर्नाटक कॉलेज निघाले, आणि ती कचेरीची भव्य इमारत कॉलेजकडे आली. म्हणजे साहेबाच्या खुर्चीच्या जागी प्राध्यापकाची खुर्ची आली. हुबळीत मात्र ऐरण होती तिथेच राहिली. १९६२ साली दोन्ही शहरांची मिळून एक महानगरपालिका झाली. नकाशावर विलीनीकरण झाले, पण लेखणी आणि हातोडा यांचे काही झाले नाही. आता तर जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने धारवाडला वेगळी महानगरपालिका द्यायला मंजुरी दिली आहे.

हुबळीचा तो रेल्वे कारखाना आजही चालू आहे. तिथे डबे दुरुस्त होतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली तिथे फिटर, वेल्डर, सुतार, रंगारी अशा कामांसाठी मुले घेतात. दहावी आणि आयटीआय यांच्या गुणांवर निवड होते. मुलगा वर्षभर कारागिराच्या हाताखाली राहतो आणि त्याला विद्यावेतन मिळते. शिकून बाहेर पडलेल्या अशा उमेदवारांसाठी रेल्वेच्या खालच्या श्रेणीच्या भरतीत २० टक्के जागा राखीव आहेत. आपल्या मुरगाव, फोंडा, सांगे भागातल्या किती घरांना ही माहिती आहे? रूळ आपल्या अंगणातून जातो, पण त्या रुळाच्या टोकाला काय शिकायला मिळते ते आपल्या मुलाला ठाऊक नसते.

या कारखान्यात मुलगा का शिकतो ते पाहा. समोर खरा डबा असतो. काम चुकले तर डबा रुळावर जाणार नाही हे त्याला दिसते. शिकवणारा स्वतः ते काम करणारा असतो. शिकल्यावर पुढे दार उघडे असते. खरे काम, खरा कारागीर आणि उघडे दार, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर धंदेशिक्षण टिकते. यांतली एक जरी काढली तर काय होते, तेही याच मुलखात पाहायला मिळते.

१८८२ ची साक्ष

धंदेशिक्षणाविषयी लोकांना विचारण्याची पद्धत नवी नाही. १८८२ साली इंग्रज सरकारने हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. आयोगाने ठिकठिकाणी साक्षी घेतल्या, निवेदने मागवली. मुंबई इलाख्यातून, ज्यात तेव्हा धारवाडही होते, पुष्कळ विद्वानांनी आपली मते मांडली. त्यांत पुण्याच्या एका माळ्याने १९ ऑक्टोबर १८८२ ची तारीख घालून आपले निवेदन दिले. त्यांचे नाव जोतीराव फुले.

जोतीरावांनी आयोगाला जे सांगितले ते आजही कोरडे झालेले नाही. सरकारची तिजोरी भरते ती रयतेच्या घामाने, आणि तो पैसा खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी आधी सांगितले. मग प्राथमिक शाळेत काय असावे ते सांगितले. मोडी व बाळबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, आरोग्य आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान. जिथे जमेल तिथे शाळेला जोडून लहानसा नमुन्याचा मळा असावा. आणि शिक्षक कसा असावा? शक्यतो शेतकरी वर्गातलाच, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला ज्याला लाज वाटणार नाही असा.

मी शिक्षक घडवण्याच्या कामात उभी हयात घालवली आहे. म्हणून ही शेवटची अट माझ्या जिव्हारी लागते. आमच्या प्रशिक्षणार्थीला बालमानसशास्त्र येते, पाठाचे टाचण काढता येते. पण मानशीचे दार कशाचे असते आणि भरतीला ते कसे मिटते, हे विचारा. शेजारच्या खाजनात रोज घडणारी गोष्ट त्याला सांगता येत नाही. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य सुचवले. हेतू उत्तम होता. पण ज्या शिक्षकाने कधी उत्पादक काम केलेले नाही त्याच्या हाती तो विषय गेला, आणि त्याचे काय झाले हे आपण सर्वांनी शाळेच्या प्रदर्शनात पाहिले आहे. कागदी फुले, आगकाड्यांची घरे आणि वहीत सुरेख अक्षरात 'कृती'.

हंटर आयोगाने जोतीरावांचे ऐकून घेतले. शिफारस मात्र वेगळीच केली. हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत दोन वाटा कराव्यात, एक विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेकडे नेणारी, दुसरी व्यवहारोपयोगी शिक्षणाची. कागदावर दोन्ही सारख्या. पण पहिल्या वाटेच्या टोकाला कॉलेज होते, सरकारी नोकरी होती, मान होता. दुसरीच्या टोकाला काय होते ते कोणालाच सांगता येत नव्हते. पालक काही दुधखुळे नव्हते. वीस वर्षांनीही मुलांची रीघ मॅट्रिकच्याच दाराशी लागलेली होती.

दुसरा अनुभव आपल्या डोळ्यांदेखतचा. कर्नाटकाने १९७७ पासून बारावीच्या पातळीवर जॉब ओरिएंटेड कोर्स चालवले. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने जाहीर केले की १९९० पर्यंत उच्च माध्यमिकचे १० टक्के आणि १९९५ पर्यंत २५ टक्के विद्यार्थी धंदेशिक्षणाकडे वळतील. मग १९९२ साली तीच टक्केवारी १९९५ आणि २००० सालांवर ढकलली. तीही गाठली गेली नाही. २०२० च्या धोरणाने नवा आकडा दिला, २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना धंदेशिक्षणाचा परिचय. आकडा दरवेळी मोठा होतो, साल दरवेळी पुढे जाते. दार मात्र तेच, मागचे.

बेंगेरीच्या बायांचा धडा

हुन्नर चांगले असले, कारागीर चांगला असला, तरी तेवढ्याने पोट भरत नाही. हे शिकायचे तर हुबळीच्या बेंगेरी भागात जावे. तिथे कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ आहे, १ नोव्हेंबर १९५७ रोजी स्थापन झालेला. देशाचा खादीचा राष्ट्रध्वज भारतीय मानक संस्थेच्या प्रमाणाप्रमाणे इथे शिवला जातो. त्याचे कापड बागलकोट जिल्ह्यातल्या तुळसीगेरीत विणले जाते, धारवाडजवळच्या गरग गावानेही ध्वजाच्या खादीसाठी नाव मिळवलेले आहे. सूत किती पिळाचे, एका सेंटिमीटरात धागे किती, रंग उन्हात किती टिकला पाहिजे, शिलाई कशी, चक्राचे चोवीस आरे दोन्ही बाजूंनी एकमेकांवर नेमके कसे यावेत, सगळ्याची तपासणी होते. एक माप चुकले तर ध्वज बाद. हे काम करणाऱ्या बहुतेक बाया आहेत. यापेक्षा काटेकोर हस्तकौशल्य देशात फार थोड्या ठिकाणी सापडेल.

आणि झाले काय? डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलली. यंत्रावर विणलेल्या आणि पॉलिएस्टरच्या झेंड्याला परवानगी मिळाली. २०२२ च्या ऑगस्टात घरोघर तिरंगा लागला, देशात झेंड्यांची मागणी कधी नव्हती एवढी वाढली, आणि बेंगेरीची मागणी घटली. संघाची माणसे त्या जुलैत रस्त्यावर आली, म्हणजे नियम होऊन गेल्यावर. त्यांचे कसब तसूभरही कमी झाले नव्हते. दिल्लीतल्या एका कलमाने त्या कसबाचे गिऱ्हाईक नेले.

आपल्या खारव्याला हा धडा वेगळ्या शब्दांत सांगायची गरज नाही. तुमच्या मुलाला उद्या उत्तम जाळे विणायला शिकवले, इंजिन उघडून बसवायला शिकवले, पण समुद्रात एलईडीचे दिवे लावून रात्रीत मासळी उपसून नेणारे मोकाट असतील, तर तो शिकून काय पकडणार? केंद्राने एलईडी आणि दोन ट्रॉलरांनी मिळून ओढायचे बुल ट्रॉलिंग १० नोव्हेंबर २०१७ रोजीच बंद केले आहे. बंदी कागदावर आहे आणि दिवे समुद्रावर आहेत, अशी आपल्या रापणकारांची तक्रार आजही थांबलेली नाही. धंदेशिक्षणाच्या मसुद्यावर त्याला बोलायला बोलावले असते, तर त्याने पहिले वाक्य हेच उच्चारले असते: आधी मासळी राखा, मग मासेमारी शिकवा. हे वाक्य कोणत्याही कारखानदाराच्या निवेदनात सापडणार नाही, कारण त्याला ते सुचण्याचे कारणच नाही.

आणि रापणकार बोलला की काय होते हेही आपण पाहिले आहे. सत्तरच्या दशकात ट्रॉलरांविरुद्ध रापणकार एकवटले, तेव्हा १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा गोव्यात झाला आणि किनाऱ्यालगतचे पाणी पारंपरिक होड्यांसाठी राखले गेले. तो कायदा कोणा तज्ज्ञाच्या डोक्यातून उपजला नव्हता.

भाषेचे कुलूप

आता भाषेचे बोलू. कर्नाटक सरकारने २०२३ साली राज्याचे वेगळे शिक्षण धोरण ठरवण्यासाठी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष प्रा. सुखदेव थोरात, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचेच सुपुत्र. आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये अहवाल दिला. पाचवीपर्यंत शिक्षण कन्नडमधून किंवा मुलाच्या मातृभाषेतून व्हावे, ही त्यातली एक मुख्य शिफारस. सरकार ती किती पाळते ते पुढे दिसेल. पण निदान प्रश्न बरोबर धरला आहे.

आपल्याकडे काय चित्र आहे? सरकारी प्राथमिक शाळा बहुसंख्येने मराठी. मूल चौथीपर्यंत मराठीत शिकते आणि पाचवीला एका उन्हाळ्यात इंग्रजीत ढकलले जाते. शेतकऱ्याचे आणि खारव्याचे मूल नेमके इथे अडखळते. मग 'याचे डोके चालत नाही, याला आयटीआयला घाला' असे मास्तरच म्हणतो. आयटीआयत गेल्यावर पुन्हा इंग्रजी पुस्तक समोर येते. म्हणजे ज्या कुलपाने मुलगा एका दारातून बाहेर पडला, तेच कुलूप दुसऱ्या दारालाही लावलेले. चेन्नईची निमी ही केंद्र सरकारची संस्था आयटीआयची पुस्तके मराठीसह अनेक भारतीय भाषांत काढते. पुस्तक आहे, मग ते आपल्या वर्गात का नाही, हे विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि मराठीत असे शिक्षण जमते का, अशी ज्याला शंका असेल त्याने पुणे जिल्ह्यातले पाबळ गाव पाहून यावे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरमधले शास्त्रज्ञ. ती नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम काढला. शाळेची मुले आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात. लोखंडकाम व सुतारकाम, वीज व ऊर्जा, शेती व पशुपालन, घर व आरोग्य, सगळे थोडे थोडे. आणि ते काम गावाच्या उपयोगाचे असते. कोणाच्या फाटकाची वेल्डिंग, कोणाच्या विहिरीवरचा पंप. महाराष्ट्राच्या माध्यमिक मंडळाने हा विषय आपल्या अभ्यासक्रमात घेतला. शेतकऱ्याच्या पोराला हे सारे मराठीतून समजते, हे पाबळने करून दाखवले. विलीनीकरण म्हणजे आम्ही काय मागत होतो, असे आजही कोणी विचारतो. नकाशावरची रेघ पुसणे एवढाच त्याचा अर्थ कधीच नव्हता. आपल्या भाषेत असे ज्ञान जिथे तयार होते, त्या घराशी आपले नाते असावे, हाही त्याचा अर्थ होता. नकाशा कोणाच्या हाती का असेना, हे नाते जोडायला आज कोणाची परवानगी लागत नाही.

एक रास्त शंका

इथे एखादा वाचक म्हणेल, मास्तर, तुमचे गोड बोलणे कळले. भटजीचा, डॉक्टरचा मुलगा डॉक्टर व्हायचा आणि आमच्या पोराने जाळेच ओढायचे, असेच ना?

ही शंका रास्त आहे आणि तिच्यामागे इतिहास आहे. १९५३ साली मद्रासमध्ये राजगोपालाचारींनी एक योजना आणली. मुलांनी अर्धा दिवस शाळेत बसावे आणि उरलेल्या वेळात बापाचा धंदा शिकावा. लोकांनी तिला बापजाद्यांच्या धंद्याला बांधून ठेवणारे शिक्षण म्हटले, रान पेटले, आणि १९५४ साली मुख्यमंत्री गेले व योजनाही गेली. जावी हेच योग्य होते. न्हाव्याच्या मुलाला न्हावीच ठेवणाऱ्या शाळेला शाळा म्हणत नाहीत.

म्हणून मी मागतो ते उलटे आहे. हाताचे काम सगळ्यांच्या मुलांना शिकवा. डॉक्टरच्या मुलालाही बांध घालायला न्या. २०२० च्या धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकावे असे लिहिलेच आहे. त्या यादीच्या 'इत्यादी'त खारवी आणि कुळागरातला पाडेली बसवा, आणि त्यांना शिक्षक म्हणून मानधन द्या. दुसऱ्या बाजूने, जो मुलगा काम शिकला त्याला पुढे पदविका आणि पदवीपर्यंत जाता आले पाहिजे, वर्षे न गमावता. कोचीच्या केंद्रीय मत्स्य नौकानयन संस्थेत जहाज चालवण्याचा आणि जहाजाचे इंजिन सांभाळण्याचा अभ्यासक्रम आहे. काणकोणच्या खारव्याचा मुलगा तिथून मोठ्या बोटीचा कप्तान होऊ शकतो. जाळे ओढणे सोडायचे की नाही ते तो ठरवील. ठरवायची संधी त्याला असली म्हणजे झाले.

आपण काय करावे

कर्नाटकातल्या शेतकऱ्याला दरवर्षी सप्टेंबरात एक जागा मिळते. १९८६ साली स्थापन झालेले धारवाडचे कृषी विद्यापीठ कृषिमेळा भरवते. लाखोंनी शेतकरी येतात, शास्त्रज्ञाला गाठून आपल्या भाषेत प्रश्न विचारतात. आपल्याकडे लोक जमण्याच्या जागांची वाण नाही. प्रत्येक देवस्थानाला अग्रशाळा आहे, जत्रेला अख्खा महाल लोटतो. नारळी पौर्णिमेला सारा किनारा एके जागी असतो. सरकारला लोकांचे मत हवे असेल तर संगणकावरच्या चौकटीत 'आपली सूचना इथे लिहा' म्हणून थांबू नये. अधिकाऱ्याने मराठी-कोंकणीतला दोन पानी कागद घेऊन अग्रशाळेत यावे, रापणीवर यावे, चटईवर बसावे.

ते येईपर्यंत आपण हात बांधून बसायचे कारण नाही. ग्रामसभा आपल्या हातात आहे. ती रविवारी भरते आणि तिथला ठराव कागदावर चढतो. पुढच्या ग्रामसभेत रस्ता आणि गटार यांच्या जोडीला हे चार मुद्दे मांडा.

पहिला, धंदेशिक्षणाचा कोणताही मसुदा मराठीत व कोंकणीत ग्रामसभेपुढे ठेवल्याशिवाय तो अंतिम करू नये, आणि मते मागवण्याची मुदत लावणी-कापणीचे दिवस टाळून ठेवावी. दुसरा, आयटीआयचे शिक्षण आणि पुस्तके मुलाला समजणाऱ्या भाषेत मिळावीत. तिसरा, खाजनाचे बांध व मानशी, कुळागर, होडीची बांधणी व इंजिन हे विषय गोव्याच्या आयटीआयत आणावेत, आणि ते शिकवायला पदवीचा कागद नसला तरी जाणता कारागीर नेमावा. चौथा, आयटीआयच्या व्यवस्थापनात कारखानदाराच्या शेजारी शेतकऱ्यांचा आणि मच्छीमारांचा एकेक निवडलेला माणूस बसवावा.

यांतला तिसरा मुद्दा सर्वांत निकडीचा आहे. खाजनाचा बांध फुटला की तो चिखलाने कसा सांधायचा हे जाणणारी माणसे आता साठी-सत्तरीची झाली आहेत. ट्रॉलरवर आज आपली मुले थोडी आणि ओडिशा-झारखंडची अधिक. ती गरीब मुले पोटासाठी येतात, त्यांच्यावर राग नाही. पण आपल्या समुद्राची भरती-ओहोटी, आपल्या मातीची खार ओळखणारी नजर एका पिढीत गेली तर ती कोणत्याही योजनेच्या कोटींनी परत आणता येणार नाही. अहवाल दहा वर्षांनी पुन्हा लिहिता येतो. मेलेला म्हातारा पुन्हा विचारायला मिळत नाही.

जोतीरावांनी १८८२ साली न बोलावता आपले म्हणणे मांडले. आयोगाने ते मानले नाही, पण ते नोंदले गेले, आणि म्हणून आज एकशे चाळीसहून अधिक वर्षांनी मला ते तुमच्यापुढे ठेवता आले. तुमच्या ग्रामसभेचा ठरावही असाच नोंदला जाऊ द्या. सचिव 'हा विषय पंचायतीच्या कक्षेत येत नाही' असे म्हणेल. त्याला नम्रपणे सांगा की मुलगा आमच्या कक्षेत येतो, आणि ठराव लिहून घ्यायला लावा. प्रत काढून एक शिक्षणखात्याला, एक कौशल्य विकास खात्याला आणि एक या साप्ताहिकाच्या कचेरीत पाठवा.